दहावा तुकडा

फ्रीमा लिपकिनचं चांगलं सांगायला अख्खं विनिपेग शहर टपलेलं आहे, म्हणून मी आधी वाईट सांगते. ती बेसूर गाते. बारा महिने तेच हिरवं स्वेटर घालते आणि त्याच्या खिशांत नाक पुसायचे कागद, खडूचे तुकडे आणि कुठल्या तरी पोराचा पडलेला दात असं काहीही असतं. वेळेवर कधी येत नाही. आणि तरीही गुळाला मुंगळे चिकटावेत तशी मुलं तिला चिकटतात. आजन्म मला याचंच कोडं पडलेलं.

आमच्या ज्यू मंडळींच्या सिनेगॉगच्या तळमजल्यावर बालवाडी आहे. एक बोळ आणि समोरासमोर दोन वर्ग. तीन वर्षांच्या मुलांचा वर्ग माझा, ब्लूमाबाईचा. चार वर्षांच्यांचा फ्रीमाबाईचा. सव्वीस वर्षं हे असंच चाललंय. माझ्याकडे येतात तेव्हा मुलांना बूट घालता येत नाहीत, शू सांगता येत नाही, गोल करून बसता येत नाही. भाकरी तोंडात घालण्याआधी देवाचं नाव घ्यायचं, शेजारच्याच्या डोक्यावर ठोकळा मारायचा नाही, दाराच्या चौकटीवरच्या मेझुझाला, देवाच्या वचनाच्या डबीला, बोट लावून ते बोट ओठांना लावायचं, हे सगळं मी शिकवते. वर्षभरात त्यांची माणसं होतात आणि मग ती बोळ ओलांडून फ्रीमाकडे जातात.

तिथे काय, नुसती मजा. पहिल्या दिवशी पाटीवर अलेफ हे पहिलं अक्षर काढून फ्रीमा त्यावर मध लावते आणि मुलं तो चाटतात. शिकणं गोड लागावं, अशी आपली जुनी रीत. आयाबाया रडतात, फोटो काढतात. शुक्रवारी मुलं शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या पवित्र दिवसाच्या, पावाच्या वेण्या घालतात. वीस वेण्या, वीसही वाकड्या, आणि फ्रीमा एकीलाही हात न लावता तशाच भाजून घरी पाठवते. बेकरीवाल्याची मुलगी असून! मी निदान टोकं तरी चिकटवली असती.

आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं म्हणतात. फ्रीमाला मी कुत्रं म्हणत नाही, पण दळणारी आंधळी मीच. मोठी झालेली मुलं लग्नाचं आमंत्रण द्यायला येतात ती तिच्याकडे. आमची मुख्याध्यापिका तिर्झा दोघींच्याही हाताखालून गेलेली. पण सभेत म्हणते काय, "मी फ्रीमाबाईंची विद्यार्थिनी." मी तिला चड्डीची गुंडी लावायला शिकवलं, ते सभेत कोण सांगणार? ऐकलं की माझ्या पोटात दुखायचं. शब्दशः दुखायचं; झेलिग, माझा नवरा, म्हणायचा डॉक्टरला दाखव. मला औषध ठाऊक होतं. मला तिचा वर्ग हवा होता. एक वर्ष तरी मधाची बरणी माझ्या हातात हवी होती.

फ्रीमानं लग्न केलं नाही. वडील गेल्यावर बेकरी विकली आणि चौदा वर्षं आईला सांभाळलं. आई शेवटी सगळं विसरली. आधी किल्ल्या, मग शेगडी, मग रस्ता, आणि शेवटी मुलगी. "ओ बाई, माझी फ्रीमा कधी येणार हो शाळेतून?" असं ती फ्रीमालाच विचारायची. "येईल इतक्यात," म्हणून फ्रीमा तिला सूप भरवायची. हे मला माहीत होतं. बाकी कुणी विसरलं असेल, मला चांगलं माहीत होतं, आणि पुढे जे सांगणार आहे ते मी माहीत असून केलं.

त्या वर्षी माझी नात ओर्ली चार वर्षांची झाली, म्हणजे फ्रीमाच्या वर्गात गेली. माझ्या वर्गात असताना ती शेपटासारखी माझ्यामागे असायची. आता घरी आली की फ्रीमाबाईपुराण. "आजी, शब्बाथची मेणबत्ती लावल्यावर हात असे नाही, असे फिरवायचे. फ्रीमाबाई असे फिरवते." साठ वर्षं मी हात फिरवतेय! आणि पेसाखच्या सणाच्या तीन आठवडे आधी एका रविवारी, सगळ्यांसमोर जेवणाच्या टेबलावर, पाय हलवत ओर्ली म्हणाली,

"आई, यंदा सेदरच्या जेवणाला फ्रीमाबाईला बोलवू या. गोष्ट तीच सांगेल."

माझी मुलगी डीना म्हणाली, "अगं, सेदरची, मिसरच्या गुलामीतून सुटल्याची गोष्ट आजोबा सांगतात. आणि आजी असते की."

"आजीनं नुसतं वाढायचं," ओर्ली म्हणाली.

सगळे हसले. मीही हसले. रात्रभर ते 'नुसतं वाढायचं' माझ्या छातीवर बसून होतं.

दुसऱ्या आठवड्यात, सुट्टीआधीच्या शेवटच्या दिवशी, फ्रीमाचा खमीर शोधण्याचा तास होता. पेसाखचे आठ दिवस घरात खमिराचा, म्हणजे फुगवलेल्या पावाचा, कणही चालत नाही, हे चार वर्षांच्या मुलांना कसं समजवायचं? फ्रीमाची युक्ती अशी: पावाचे दहा तुकडे, प्रत्येक निळ्या कागदात गुंडाळलेला, कागदावर एकेक अक्षर, अलेफपासून दहाव्या योदपर्यंत. ते वर्गात लपवायचे, पडदे ओढायचे आणि विजेरी, पीस नि लाकडी चमचा घेऊन मुलांनी शोधायचे. घरीही आपण हेच करतो, पण शहाणी बाई दहा जागा कागदावर लिहून ठेवते. एक जरी तुकडा राहिला तरी घोटाळा. फ्रीमा कधी लिहायची नाही. "दहा तुकडे, दहा बोटं," असं म्हणून हात नाचवायची.

त्या सकाळी मी लवकर आले होते. तिच्या दाराच्या काचेतून मला ती दिसली. सत्तरीची बाई, गुडघ्याला पट्टा बांधून मुलांच्या बुटक्या कपाटांमागे रांगत होती. शेवटचा तुकडा तिनं खेळातल्या लाल गमबुटात टाकला. डाव्या. मग कॉपी काढायला वर ऑफिसात गेली.

मी आत गेले. बुटात हात घातला. निळी पुडी कोटाच्या खिशात टाकली आणि माझ्या वर्गात जाऊन चटया अंथरू लागले. झालं एवढंच. अर्धं मिनिट लागलं नसेल.

आता तुम्ही विचाराल, मनात काय होतं? फ्रीमाची एकदा फजिती व्हावी, मुलांसमोर, ओर्लीसमोर. बस. त्याच्या पुढचं मी पाहिलं नव्हतं, असं मी स्वतःला सांगितलं. पण महिनाभर कुजबुज चालू होती. फ्रीमा मुलांना त्यांच्या आयांच्या नावानं हाक मारते, म्हणून तिर्झानं मला हळूच विचारलं होतं, "ब्लूमाबाई, तुम्हाला काही वेगळं जाणवतं का?" मी 'वय झालं' म्हणून एक लांब सुस्कारा सोडला होता. तो सुस्कारा मी मोजून मापून सोडला होता.

दहाच्या सुमाराला समोरून हसण्याचा गलका आला आणि थोड्या वेळानं वेगळाच आवाज आला. मी बोळात गेले. नऊ पुड्या टेबलावर ओळीनं मांडलेल्या. मुलं लाल बूट उलटा करून झटकत होती.

"दुसऱ्या बुटात बघा रे," फ्रीमा म्हणाली. त्यातही नाही. मुलांना काय, आनंदच. त्यांनी बाहुल्यांचं घर उपडं केलं, उशा काढल्या. फ्रीमा छोट्या खुर्चीवर बसली होती आणि बोटं मोजत होती. एकदा मोजली, पुन्हा मोजली.

"ब्लूमा," मला दारात पाहून ती म्हणाली, "सकाळी मी लपवताना तू पाहिलंस का गं? बुटात टाकला मी. की बूट गेल्या वर्षी होता?"

सगळं तेव्हाच मिटवता आलं असतं. 'हा घे, गंमत केली' म्हटलं असतं तर ती हसलीही असती.

"मी कशाला बघायला येऊ तुझ्या वर्गात?" मी म्हणाले. "मला माझी पोरं नाहीत का?"

तिचा चेहरा मी पाहिला. तो चेहरा मी आधी एकदा पाहिला होता, तिच्या आईच्या खोलीत, आई तिला 'ओ बाई' म्हणाली तेव्हा.

दुपारी फ्रीमानं तिर्झाला चिठ्ठी दिली. 'सुट्टीनंतर मी येणार नाही, मुलांना माझ्या हाती देणं आता बरं नाही.' तिर्झा डोळे पुसत माझ्याकडे आली. "ब्लूमाबाई, तो वर्ग तुम्ही घ्याल का?"

"विचार करते," मी म्हणाले. विचार कसला? मध कुठल्या दुकानातून आणायचा, इथपर्यंत माझा विचार झालेला होता.

घरी आठवडाभर साफसफाई. फ्रीज ओढला, ओव्हन खरवडला, टूथब्रशनं टाइल्सच्या फटी घासल्या. झेलिगचे सगळे खिसे उलटे करून झटकले, त्यात जुना बिस्किटाचा चुरा निघाला म्हणून त्याला बोलबोल बोलले. माझ्या कोटाला मात्र हात लावला नाही. विसरले म्हणा, किंवा तिकडे बघायचं नव्हतं म्हणा. विसरले मी आणि नोकरी सोडली तिनं.

सोमवारी संध्याकाळी सेदर, सणाच्या पहिल्या रात्रीचं जेवण. ओर्लीनं चार प्रश्न म्हटले, आजची रात्र वेगळी का, ते. एकही शब्द अडखळला नाही. फ्रीमानं शिकवलेले. झेलिगनं गोष्ट सांगितली, मी नुसतं वाढलं. जेवणं झाली आणि लपवलेला मात्झाचा, बिनखमिराच्या भाकरीचा, तुकडा शोधायची वेळ आली. तो मुलांनी आणून दिल्याशिवाय सेदर पुढे सरकत नाही. झेलिग दरवर्षी तो त्याच्याच कोटाच्या खिशात लपवतो आणि दरवर्षी आपण फार हुशारी केली असं त्याला वाटतं. ओर्ली थेट कोटांच्या खुंटीकडे पळाली.

"योद!" ती किंचाळली. "योद! फ्रीमाबाईचा योद सापडला!"

हातात निळी पुडी नाचवत ती टेबलाशी आली. झेलिग उडालाच. "खाली ठेव! पाव आहे त्यात! ठेव आधी!"

तिनं ती टेबलाच्या कोपऱ्यावर टाकली. सणाच्या दिवशी खमीर सापडलं तर ते हलवायचं नाही नि जाळायचंही नाही. सणाचे पहिले दोन मोठे दिवस संपेपर्यंत त्यावर भांडं पालथं घालून ठेवायचं. झेलिगनं स्वयंपाकघरातून बाऊल आणला आणि पालथा घातला.

"आई, हे तुझ्या खिशात कसं आलं?" डीनानं विचारलं.

उत्तर ओर्लीनंच दिलं. "आजीनं शोधून काढला! कुणालाच नाही सापडला, आजीला सापडला!" आणि तिनं माझ्या गळ्यात हात टाकले. कित्येक महिन्यांनी. सांगायला लाज वाटते, पण मला बरं वाटलं.

दोन दिवस तो बाऊल टेबलावर होता. आम्ही त्याच्याशेजारी जेवलो, दुसऱ्या रात्रीचा सेदरही त्याच्याशेजारीच केला. ओर्ली त्याला कान लावून बसायची. "आजी, फ्रीमाबाईला सांगायला कधी जायचं? ती किती खूश होईल!" बुधवारी दुपारी बशा उचलताना झेलिग एवढंच म्हणाला, "चाळीस वर्षं मी तुझ्या खिशात हात घातला नाही, ब्लूमा. यंदा घालायला हवा होता." आणि मग, "ज्याचा आहे त्याच्या अंगणात जाळून ये."

गुरुवारी सकाळी तुकडा एका पत्र्याच्या डब्यात घालून मी निघाले. ओर्लीला घरी ठेवायचं म्हटलं तर तिनं बूट घालून दारात ठाण मांडलं होतं. रस्त्यावर अर्धवट वितळलेला बर्फ, सगळीकडे चिखल. वाटेत मी उत्तर तयार केलं. रेडिएटरमागे सापडला. कुणालाही पटेल. ओर्लीची माझ्या गळ्यातली मिठी तशीच राहील, वर्गही मिळेल.

फ्रीमानं दार उघडलं आणि मी तिच्या खांद्यावरून आत पाहिलं. घरभर चिठ्ठ्या. शेगडीवर 'बंद केली का?' दाराच्या आतल्या बाजूला 'किल्ली, चष्मा, टोपी'. फ्रीजवर वर्गातल्या वीस मुलांची नावं आणि प्रत्येकापुढे खूण: कुरळे केस, मधला दात नाही, निळा चष्मा. ओर्लीपुढे लिहिलं होतं, 'ब्लूमाची नात'. ती रोज तपासत होती स्वतःला, शिक्षिका मुलांची परीक्षा घेते तशी.

"फ्रीमाबाई! योद सापडला! आजीनं शोधला!" ओर्लीनं तिच्या कमरेला मिठी मारली.

मला वाटलं होतं ती हसेल. ती घाबरली. भिंतीला हात टेकला.

"कुठे?" तिनं मला विचारलं. "कुठे सापडला, ब्लूमा?"

रेडिएटरमागे म्हटलं असतं की झालं. मग बुटाची आठवण ही तिची चूक, आणि त्या चिठ्ठ्या जन्मभर तिच्या भिंतीवर. ती माझ्या ओठांकडे बघत होती.

"बुटात," मी म्हणाले. "डाव्या. तू वर गेलीस तेव्हा मी काढून घेतला."

"पंजाच्या टोकाशी?"

"हो."

"कागदाला दोन घड्या?"

"दोन."

तिनं डोळे मिटले आणि जमिनीवरच बसली, पट्ट्याच्या गुडघ्यासकट. "बुटातच होता," ती म्हणाली. "बुटातच होता." चार-पाच वेळा म्हणाली. मी काय केलं ते तिच्या कानावरच गेलं नाही जणू.

ओर्लीच्या मात्र गेलं. "आजी, तू घेतलास?"

"हो."

"आणि सांगितलं नाहीस?"

"नाही."

ती माझ्यापासून सरकून फ्रीमाच्या मांडीवर जाऊन बसली. बरोबरच केलं.

मग फ्रीमानं डोळे उघडले आणि तिला राग आला. "तुझ्या सूपमधले गोळे दगड होवोत, ब्लूमा! दात पडोत तुझे त्यांच्यावर! दोन आठवडे मी झोपले नाहीये! शेगडीपाशी उभी राहते रात्री, बंद आहे की नाही म्हणून! का? काय केलं होतं मी तुझं?"

"मुलं तुझीच आठवण काढतात," मी म्हणाले. आवाज माझाही चढला. काय करणार, सव्वीस वर्षांचं साठलेलं. "मी शेंबूड पुसायचा आणि तू मध चाटवायचा! माझं नाव कुणी घेत नाही. माझी नातसुद्धा!"

फ्रीमा कडवट हसली.

"मध," ती म्हणाली. "मध कशाला चाटवते मी, माहितेय तुला?"

"रीत आहे."

"रीत एका दिवसाची असते, बाई. मी महिनाभर चाटवते. सप्टेंबर उजाडला की एकेक कार्टं माझ्या दाराला नाक लावून भोकाड पसरतं, 'ब्लूमाबाई पाहिजे, ब्लूमाबाई पाहिजे!' सव्वीस वर्षं दर सप्टेंबरला ऐकलं मी ते. तू तुझं दार लावून नव्या पोरांशी गाणी म्हणत असतेस, तुला काय कळणार? तुझं नाव ऐकून ऐकून कान किटले माझे. तोंडात मध घातला की तेवढी गप्प बसतात. हिला विचार. ही किती दिवस रडली? अकरा दिवस!"

मी ओर्लीकडे पाहिलं. ती फ्रीमाच्या स्वेटरमध्ये तोंड खुपसून बसली होती.

"मला कधी बोलली नाहीस," मी फ्रीमाला म्हणाले.

"का बोलू? मी काय मूर्ख आहे? तू हवेत गेली असतीस."

आम्ही मागच्या अंगणात जाऊन तुकडा जाळला. दोन आठवड्यांचा पाव, दगडासारखा, पेट घेईना. काडी फ्रीमानं ओढली, डबा मी धरला. "सुट्टी संपली की तिर्झाकडे जायचं," फ्रीमा म्हणाली. "बूट, खिसा, सुस्कारा, सगळं सांगायचं. तू सांगायचं. मग मी येईन." सुस्काऱ्याचं तिला कुणी सांगितलं होतं, देव जाणे.

मी गेले आणि सांगितलं. तिर्झा म्हणाली, "हे पालकांनाही सांगावं लागेल, ब्लूमाबाई." तेही सांगितलं, बालवाडीच्या त्याच चटयांवर उभं राहून. दोन घरांनी पुढच्या वर्षी आपली मुलं माझ्याकडे पाठवली नाहीत. ओर्ली शब्बाथ येईपर्यंत माझ्याशी बोलली नाही, आणि बोलली तेव्हा पहिलं वाक्य होतं, "आजी, खिसे दाखव." अजूनही अधूनमधून दाखवावे लागतात.

फ्रीमा आपल्या वर्गावर परत आली. दहा जागा आता ती कागदावर लिहिते आणि तो कागद कुलपात ठेवते. किल्ली माझ्याकडे नसते.

सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारनंतर शाळा उघडली. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा मी माझं दार उघडं ठेवलं. दहा मिनिटं काहीच नाही. मग समोरून एक भोकाड आलं. बेरेल होता, वर्षभर माझ्याच मांडीवर बसून जेवलेला. "ब्लूमाबाई पाहिजे! मला ब्लूमाबाई पाहिजे!" त्याच्यामागे दुसरी, मग तिसरा. मी बोळ ओलांडून काचेशी गेले. बेरेलचं तोंड लाल झालेलं, हात माझ्या दाराकडे पसरलेले. मला हसू येत होतं की रडू, सांगता येणार नाही.

फ्रीमानं मला काचेतून पाहिलं. हातातली मधाची बरणी खाली ठेवली, खुरडत दाराशी आली आणि पडदा ओढून घेतला.